मॅनेजरचं ब्लँकेट

लाँड्रीवाल्याच्या नाकाला सगळा रस्ता वचकून असे. कोट हातात घेतला की त्याला कळे, साहेबांनी सिगारेट सोडलेली नाही, फक्त बायकोला तसं सांगितलंय. कपड्यातला वास काढण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. तंबाखू असो, घाम असो, ओल असो, त्याच्या हाताखालून गेलेला कपडा कोरा होऊन बाहेर पडे. कपड्याला आपला मालक आठवता कामा नये, असं तो दुकानात काम करणाऱ्या मेहुण्याला उठताबसता बजावत असे. मेहुणा चाळिशीला आला, हाताला वाफेचे चटके बसून बसून घट्टे पडले, पण 'बरं झालंय' यापलीकडे भावजींच्या तोंडून काही निघालं नव्हतं.

अशा माणसाच्या दुकानात कुत्रा असावा, यात गिऱ्हाइकांना गंमत वाटे. कुत्रा बायकोचा आहे, असं तो न विचारता सांगे. कुत्र्याला काम असं काही नव्हतं. काउंटरमागे बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयानं बघायचं आणि जेवणाची वेळ झाली की उठायचं. म्हणून लोकांनी त्याचं नाव मॅनेजर ठेवलं. लाँड्रीवाल्याला त्याचा भारी तिटकारा. तो त्याला रोज सकाळी फिरवून आणी, ते बायकोचे गुडघे दुखतात म्हणून. थंडीत इस्त्रीखालचे गरम टॉवेल त्याच्या पाठीवर टाके, ते टॉवेल ठेवायला दुसरी जागा नाही म्हणून. आणि त्याच्याशी तासन्तास बोले, ते मेहुणा ऐकत नाही म्हणून.

कुणा गिऱ्हाइकानं कधीच न नेलेलं एक लोकरी ब्लँकेट मॅनेजरनं बळकावलं होतं. ते एकदा धुतलं, तर मॅनेजर त्याच्यावर बसेना. आठवडाभर गार फरशीवर बसून त्यानं मालकाकडे पाठ केली. तेव्हापासून त्या ब्लँकेटला पाणी लावायचं नाही असं ठरलं, आणि अख्ख्या दुकानात तेवढं एकच कापड आपला खरा वास राखून राहिलं.

मॅनेजर म्हातारा झाला होता. एका सकाळी तो उठलाच नाही. प्राण्यांच्या डॉक्टरनं हात टेकले, आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्यानं वेळेवर दुकान उघडलं. कुत्र्यासाठी धंदा बंद ठेवायला आपल्याला काय वेड लागलंय, असं तो मेहुण्याला म्हणाला. त्या दिवशी त्यानं बँडवाल्याची लाल पँट वकिलाला दिली आणि वकिलाचा कोट जाळला. औषधांच्या दुकानदारानं विचारलं, "आज मॅनेजर दिसत नाहीत?" तर हा म्हणाला, रजेवर आहेत. बोलून गेला खरा, पण मग ते मागे घेता येईना. लोक मॅनेजरला नमस्कार सांगून जात आणि हा तो मान हलवून घेई.

ब्लँकेट त्यानं मागच्या खोलीत बॉयलरशेजारच्या फळीवर ठेवलं होतं, सुटाला घालतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर गच्च गाठ मारून. दुपारी मेहुणा जेवायला गेला की तो शटर अर्धं ओढून घेई, गाठ सोडी, त्यात तोंड खुपसून एकदाच खोल श्वास घेई आणि लगेच पिशवी बांधून टाके. दुसरा श्वास म्हणजे उधळपट्टी. वास काही कायमचा टिकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हे सरलं की मॅनेजरचं आपल्याजवळ काहीच उरणार नाही, हेही तो जाणून होता. त्याच्या हिशेबापेक्षा वास भराभर कमी होत होता. पिशवीला भोक असेल म्हणून त्यानं ती बदलली, मग एकात एक अशा दोन घातल्या. तरी फरक पडेना.

एक दिवस साबण आणि पावडरी आणायला तो घाऊक बाजारात गेला. संध्याकाळी परतला, तर फळी रिकामी होती आणि मेहुणा दारातच हात मागे बांधून उभा होता, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. तयार कपड्यांच्या दांडीवर ब्लँकेट टांगलेलं होतं. काठ इस्त्रीनं सरळ केलेले, वर नवं पातळ प्लास्टिक, आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात 'मॅनेजर'.

"दोनदा भिजवलं, भावजी," मेहुणा म्हणाला. "उन्हात वाळवलं. शिवणी ब्रशानं घासल्या. म्हटलं, आपल्याकडून त्याच्यासाठी तेवढंच."

या घरात कुणाचं दुःख बघवेनासं झालं की माणसं धुवायला घेत. सासू वारली तेव्हा त्यांनी घरातले सगळे पडदे धुतले होते. त्यामुळे मेहुण्याला काय बोलणार? लाँड्रीवाल्यानं प्लास्टिक काढलं. परक्या माणसाचं काम तपासावं तशी चारही टोकं तपासली, शिवण बोटानं उलटी करून पाहिली. एक केस मिळाला नाही. मग त्यानं नाक टेकवलं. स्वच्छ लोकरीचा वास आला, कुणाचाही नसलेला. मेहुणा त्याच्याच हाताखाली शिकला होता, आणि नीट शिकला होता.

"उत्तम झालंय," लाँड्रीवाला म्हणाला.

इतक्या वर्षांनी हा शब्द ऐकून मेहुण्याचा चेहरा फुलला. तो त्याच आनंदात घरी गेला.

लाँड्रीवाला ब्लँकेट घेऊन दुकानावरच्या आपल्या घराचा जिना चढला. बायको वाटच बघत होती. त्यानं काही विचारायच्या आतच ती म्हणाली की भावाला धुवायला तिनंच सांगितलं. रोज दुपारी डोळे लाल करून तुम्ही बाहेर येता, मला दिसत नाही का? त्या पिशवीपायी तुम्ही झुराल. एकदा वास गेला की सावराल, असं वाटलं.

हे सगळं ती ठामपणे बोलली. मग तिनं ब्लँकेट हातात घेतलं, त्यात तोंड घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. तिचे खांदे हलायला लागले. तुम्ही अंघोळीला गेलात की मीही रोज खाली जायचे, ती ब्लँकेटमधूनच म्हणाली. लाँड्रीवाल्याला आता पिशवीचं भोक सापडलं. तिच्यावर चिडावं असं त्याच्या मनात एक क्षण आलं; पण आपल्यासाठी तिनं स्वतःचाही वाटा धुवून टाकला, हे कळल्यावर तो तिच्याजवळ बसला. मॅनेजरची आठवण येते गं फार, असं तो पहिल्यांदाच तोंडानं म्हणाला. तिनं त्याचा हात धरला.

"अहो," थोड्या वेळानं तिनं विचारलं, "वास परत येईल का हो?"

गिऱ्हाइकं हाच प्रश्न त्याला रोज विचारत, पण धास्तीनं. आशेनं विचारणारी ही पहिलीच. खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं, पण या एका बाबतीत त्यानं जन्मात कुणाला फसवलं नव्हतं.

"नाही येणार," तो म्हणाला. "आपल्याकडे धुतलंय ते."