चायनीजमधली संकष्टी

जुहूला परदेशी जेवण कुठे चांगलं मिळतं, असं माझे भाचे मला विचारतात. मी त्यांच्याआधी तिथे जाऊन आलेय एवढंच माझं शहाणपण. ऐंशीच्या दशकात आम्हा अंधेरी पूर्वेच्या माणसांना जुहू हाच परदेश होता. पाण्याच्या कडेने मोठाली हॉटेलं, त्यांच्या आसपास कुठे इटालियन, कुठे चायनीज, आणि दारात फेटेवाला दरवान. आम्ही वाळूत बसून भेळ खायचो आणि त्या दारांतून आत-बाहेर करणाऱ्यांचे कपडे बघायचो. आत काय शिजतं याबद्दल बाबांची मतं फार ठाम होती, कारण ते कधी आत गेले नव्हते.

मी पहिल्यांदा आत गेले ती बघण्याच्या कार्यक्रमासाठी.

तोवर आमच्या घरी येऊन बरीच स्थळं कांदेपोहे खाऊन गेली होती. पोह्यांना कुणी नावं ठेवली नाहीत, नकार मला यायचा. मग मावशीने बोरिवलीचं स्थळ आणलं. माणसं आमच्यासारखीच मालवणकडची, मुलगा विमानतळावर मेकॅनिक. त्याचा निरोप असा, की पोहे नकोत, मुलीने ट्रे घेऊन येणं नको, रविवारी संध्याकाळी जुहूच्या चायनीजमध्ये भेटू. हे ऐकूनच मला तो निम्मा आवडला.

आईने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि मटकन खाली बसली. रविवारी संकष्टी होती.

आईची संकष्टी साधीसुधी नव्हती. माझं लग्न जमावं म्हणून धरलेला उपास होता तो. चंद्र दिसेपर्यंत फक्त चहा-पाणी. लग्न माझं म्हणून मलाही धरायला लागायचा, आणि आम्हा दोघींसमोर एकट्याने जेवायची लाज वाटते म्हणून बाबाही धरायचे.

"दिवस बदलून घे ना गं," मी म्हटलं.

"पहिल्याच बोलावण्याला नाही म्हटलं तर वाटेल, मुलीत काहीतरी आहे. आणि उपासाचं सांगितलं तर म्हणतील, किती मागासलेली माणसं. आपण जायचं आणि जेवल्यासारखं करायचं."

"तीन माणसं जेवल्यासारखं कसं करणार?"

"कारल्याची भाजी केली की तू करतेस तसं," आई म्हणाली.

मुलगा आणि त्याची आई, दोघंच आले होते. मुलगा हसरा, बोलका, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. माझ्याकडे त्याने सरळ बघितलं, चोरून नाही. उरलेला निम्माही मला तिथेच आवडला. आवडलेल्या माणसाकडून नकार येणं मला नवीन असणार होतं.

त्याने मोठ्या हौसेने सगळ्यांसाठी मागवलं. स्वीट कॉर्न चिकन सूप, नूडल्स, आणि लालभडक चिकन. "मालवणी माणसं आपण, चिकनला कोण नाही म्हणणार?" तो म्हणाला. बाबा हसले. इतकं केविलवाणं हसताना मी त्यांना गिरणी बंद पडली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मग आमचं जेवल्यासारखं करणं सुरू झालं. आई सूप ढवळत बसली. मी कोबीचा एक तुकडा बशीभर फिरवला. बाबांनी ढवळता ढवळता एक चमचा चक्क प्यायला, आणि नंतर आईच्या दिशेला मान वळवणंच बंद केलं. मुलाच्या आईने नूडल्स काट्याला गुंडाळल्या, उलगडल्या, पुन्हा गुंडाळल्या. मला वाटलं, बाईला सवय नसेल. जेवत होता तो फक्त मुलगा, आणि छान जेवत होता. आईचे डोळे सारखे खिडकीबाहेर आभाळाकडे जात होते.

"काकूंना समुद्र फार आवडतो वाटतं," तो म्हणाला.

"फार," आई म्हणाली.

भरलेल्या बश्या बघून वेटर घाबरला आणि आचाऱ्याला घेऊन आला. आचारी खरोखरचा चिनी, पण जन्म कलकत्त्याचा आणि हिंदी आमच्या नाक्यावरचं. "क्या गडबड है? खाना खराब है क्या?"

मुलाचा चेहरा उतरला. "काकू, तुम्ही काहीच घेतलं नाही. आवडलं नाही का?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि चमचा उचलला. या वेळी ती खरंच पिणार होती. ज्या स्थळासाठी उपास धरला, त्याच स्थळासाठी ती तो मोडायला निघाली होती, तोही चिकनच्या सुपाने. मला भूक लागली की माझी जीभ तशीही माझ्या ताब्यात नसते.

"आई, ठेव तो चमचा," मी म्हटलं. मग मुलाकडे वळले. "आज संकष्टी आहे. आम्ही तिघंही उपाशी आहोत. जेवल्यासारखं करतोय, कारण तुम्ही आम्हाला मागासलेले म्हणाल. आता म्हणा."

बाबांनी डोळे मिटले. संपलं, मला वाटलं.

मुलाच्या आईने काटा खाली ठेवला आणि एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागदी रुमाल उडाला. "मगे आधी सांगूक नको? मी सकाळपासून उपाशी मरतंय. ह्या माझ्या झिलान सांगल्यान, पोरगी बँकेत कामाक आसा, उपास-तापास बोलू नको, भियात ती. म्हणान गप रवलंय."

मुलगा तोंडातला घास तसाच ठेवून बसला. आजचा दिवस कोणता, हे त्याच्या गावीही नव्हतं. मग तो कसाबसा गिळून त्याने आचाऱ्याला समजावलं, की चंद्र दिसल्याशिवाय यांना जेवता येत नाही.

"चाँद?" आचारी म्हणाला. "इधर कैसे दिखेगा? इधर तो दरिया है. किचन के पीछे आओ."

"तेच तर," बाबा म्हणाले. "इथे सगळं मावळतं." इतका वेळ हे ते का बोलले नव्हते, देव जाणे.

आम्ही भट्ट्यांमधून वाट काढत मागच्या गल्लीत आलो. सोड्याचे क्रेट, कोबीचा पाला, एक मांजर, आणि समोरच्या गच्चीवर चंद्र. मुलाच्या आईच्या पर्समध्ये कुंकवाची डबी आणि अक्षता निघाल्या, आईच्या रुमालात दूर्वा. पाण्याचा ग्लास वेटरने आणला. नैवेद्याचं काय, म्हणून दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या, तर आचाऱ्याने बशीत गरम खजुराचे पॅनकेक आणून ठेवले.

"अंडा?" आईने विचारलं.

"नहीं मां, मैदा और खजूर."

"म्हंजे पारी आणि सारणच," मुलाची आई म्हणाली. "मोदक चेपलो म्हणायचो."

चंद्राला अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला. बाबांनी पहिला घास घेतला, मीही घेतला. आई मात्र हात जोडून तशीच उभी राहिली.

"खा ना गं आता," मी म्हटलं.

"खाईन नंतर," ती हळूच म्हणाली. "त्यांचं उत्तर येऊ दे आधी."

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, आणि ती आणखी थांबायला तयार होती. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

मुलाच्या आईने ते ऐकलं असणार. हातातल्या पॅनकेकचे तिने दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा आईच्या हातात ठेवला.

"विहीणबाई," ती म्हणाली, "खावा आता."

आईने खाल्लं. खाताना ती रडत होती आणि गोड फार झालंय असं म्हणत होती. बाबा मांजराकडे बघत नाक ओढत होते.

तेवढ्यात मुलगा किचनच्या दारातून बाहेर आला. वाया जाऊ नये म्हणून तो मागे राहून सगळ्यांचं चिकन संपवत होता. ओठाला लाल सॉस लागला होता. रडणारी आई, नाक ओढणारे बाबा, मी, सगळ्यांकडे बघून तो घाबरला.

"काय झालं?" त्याने मला विचारलं.

"आपलं लग्न ठरलं," मी म्हटलं. "तोंड पुसा."