एका खिळ्याला दोन वस्तू

मी चौथी पास. पण मकरपुऱ्याच्या कारखान्यात माझ्या हातचं काम कधी परत आलं नाही, हे आधी सांगतो, मग बाकीचं.

चार्जहँडची, म्हणजे टोळीवरच्या मुकादमाची, जागा निघाली आणि अट आली. कामाचं कार्ड इंग्रजीत असतं, ते साहेबासमोर वाचून दाखवायचं. मला इंग्रजी शब्द ढीगभर यायचे, पण सगळे कानानं. टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फाईल म्हणजे कानस. अक्षरओळख शून्य. नाही वाचलं तर माझ्यामागून लागलेला माणूस माझ्या डोक्यावर बसणार होता.

कारखान्यात स्टोअरमधून हत्यार घ्यायचं तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला ठेवावा लागे. हत्यार परत केलं की बिल्ला परत. सातवीतल्या माझ्या मुलीनं तेच स्टोअर कारेलीबागेतल्या आमच्या स्वयंपाकघरात उघडलं. भिंतीला खिळे, खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी शब्द, आणि प्रत्येक खिळ्याला दोन वस्तू. नटला लोखंडी नट आणि शेंगदाण्यांची पुरचुंडी. फाईलला कानस आणि तिची शाळेची फाईल. टॅपला माझं हत्यार आणि मोडका नळ.

"एकच स्पेलिंग अन् दोन माल?" मी चिडायचो. "आमच्या स्टोअरवाल्यानं असं केलं तर घरी बसवतील त्याला."

"बाबा, वाद नको. वाचा, मग वस्तू मिळेल."

शेंगदाणे घ्यायला बायको गेली, तर तिच्याकडेही बिल्ला मागितला.

"अगं, चटणी करायचीय! बिल्ला कसला?"

"मग स्पेलिंग सांग, आई."

"थांब, लाटणं आणते. त्यानंच सांगते."

दोन महिन्यांत अख्खी भिंत मी वाचायला लागलो.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी कार्ड पुढे केलं. त्यांच्याच हातचं, जोडून लिहिलेलं. मला एक अक्षर लागेना. भिंतीवरची अक्षरं सुटी होती. अशी एकमेकांच्या गळ्यात पडलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

"वांचो ने, भाई," साहेब गुजरातीत म्हणाले. "शुं थयुं?"

माझे आजोबा इथल्या संस्थानच्या महाराजांच्या फौजेत होते. मान खाली घालणं आमच्या घरात नाही. म्हटलं, "साहेब, तुमचं अक्षर खराब आहे. माझी सातवीतली मुलगी याहून चांगलं लिहिते. सुटं लिहून द्या."

ऑफिसातला कारकून टाईप करायचा थांबला. साहेब हसले आणि कार्डाच्या मागे एकेक अक्षर सुटं काढून दिलं. मी वाचलं. टॅपपाशी डोळ्यापुढे तो मोडका नळही आला, पण सांगितलं आट्यांचंच.

जागा मला मिळाली. पुढे आमच्या खात्यात कार्डं सुट्या अक्षरांतच यायची.

मुलगी सासरी गेली, तिची आई देवाघरी. खिळे भिंतीत आहेत. मागे रंगारी ते उपटायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "आधी बिल्ला ठेव." त्याला काही कळलं नाही. पण खिळ्यांना हात न लावता त्यानं भोवतीनं रंग दिला.