वाडीतला इदवाल

वाल्मिक वेखंडे यांनी जन्मात एकच पुस्तक केलं, आणि त्या पुस्तकाबद्दल कोण काय म्हणतं हे ऐकायला त्यांचे कान कायम टवकारलेले असत. सर मूळचे शहापूरकडचे, भातशेतीवर वाढलेल्या घरातले. मुरबाड तालुक्यात म्हसा गावाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत ते इंग्रजी शिकवत. राहायला भाड्याची खोली, फिरायला सायकल, आणि बाकी सगळा वेळ वाचायला.

ते पुस्तक त्यांना कल्याणच्या रद्दीवाल्याकडे मिळालं. पाठकव्हर फाटलेली, जुन्या काळातली इंग्रजी कादंबरी. इंग्लंडला लागून वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या एका दंतकथेवरून कुण्या बाईंनी मुलांसाठी लिहिलेली. समुद्रापेक्षा खोल असलेला एक देश. भोवती मोठा बांध. भरती आली की बांधाची दारं लावायची, ओहोटीला उघडायची, आणि हे काम इदवाल नावाच्या रखवालदाराचं. राजवाड्यावर मेजवानी असते त्या दिवशी इदवाल दारू पिऊन झोपतो. दारं उघडी राहतात, समुद्र आत येतो, देश बुडतो. मग इदवालची मुलगी नेरिस पाण्याखाली वाजणाऱ्या घंटांचा माग काढत बुडालेल्या राजापर्यंत जाते आणि बापासाठी माफी मागून आणते. वाटेत बोलणारे मासे, शेवाळाचे राक्षस, काचेची होडी, असं सगळं.

सरांनी ती एका बैठकीत वाचली आणि मराठीत आणायचं ठरवलं. त्यात काही वर्षं गेली. एकेका शब्दावर ते अडून बसत. बांधाच्या दारांना काय म्हणायचं यावर तर त्यांनी एक अख्खा पावसाळा घालवला. शेवटी सासुरवाडीला, भिवंडीकडच्या खाडीकाठी गेलेले असताना शब्द सापडला. खाऱ्या पाण्यापासून शेत राखायला घातलेल्या बांधाला जी दारं असतात त्यांना तिकडे उघाडी म्हणतात. सर त्या दिवशी जेवताना दोनदा आपल्याशीच ‘उघाडी’ म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या बायकोकडे, कुंदाकडे, काळजीने पाहिलं.

ठाण्याचा प्रकाशक म्हणाला, “नावं बदला. नेरिसची निशा करा, इदवालचा भोलाराम करा. पोरांना हसू येईल.”

“पोरांना हसू यायला नको आहे,” सर म्हणाले. “तो माणूस त्या मुलखातला आहे. त्याचं नाव इदवालच राहील.”

यावर बरीच हुज्जत झाली आणि सर जिंकले. या जिंकण्याचा त्यांना फार अभिमान होता. मूळ पुस्तकातला एक शब्द त्यांनी गाळला नव्हता की पदरचा घातला नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुस्तक छापून आलं, आणि सर अभिप्रायांची वाट बघू लागले. मुख्याध्यापकांनी पान उलटलं आणि विचारलं, “अभ्यासक्रमात नाही ना? मग ठीक.” शहापूरला थोरला भाऊ म्हणाला, “आपल्यातल्या गोष्टी संपल्या व्हत्या काय, म्हून विलायतेतली आणलीस?” एका वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या, त्यातली एक अशी की नावे जड आहेत आणि उघाडी म्हणजे काय हे अनुवादकाने सांगितले असते तर बरे झाले असते. ते पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आलेलं होतं. मुरबाडच्या एका वाचनालयाने कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष वाचनसंस्कृतीवर भरपूर बोलले आणि उतरताना सरांच्या कानाशी वाकून म्हणाले, “तेवढं वाचायचं राहिलंय बघा.” दुसऱ्या एका गृहस्थांचं म्हणणं होतं की बोलणारे मासे वाचून मुलं अंधश्रद्धाळू होतील.

“मला तर शेवटी रडू आलं,” कुंदा म्हणाली.

“तू बायको आहेस,” सर म्हणाले. “तुझं धरत नाहीत.”

कुंदाने पुढे त्या पुस्तकाचा विषय काढणं सोडून दिलं, आणि त्याचाही सरांना राग येत राहिला.

मग त्यांनी स्वतःच वाचक तयार करायचे ठरवले. आठवीच्या वर्गाला मोकळ्या तासाला ते पुस्तक वाचून दाखवू लागले. वर्गात गावातली मुलं होती तशी डोंगरातल्या वाड्यांवरून चालत येणारीही होती. घरची बोली वेगळी असलेली ही मुलं एरवी इंग्रजीच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसत. नेरिस पाण्यात उतरली तशी ती बाकावर पुढे सरकून बसली. इदवाल झिंगून पडतो, त्याच्या नाकावर खेकडा बसतो आणि तो खेकड्यालाच ‘महाराज’ म्हणतो, हा प्रसंग तर त्यांना इतका आवडला की सरांना तो पुन्हा पुन्हा वाचावा लागला. सरांनी आवाज बदलून, जीभ जड करून वाचला. वर्ग लोळत हसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सर शीळ घालत सायकलवरून घरी आले.

पुस्तक वाचून संपलं आणि थोड्याच दिवसांनी मधल्या सुट्टीत एक बाई शाळेत आली. डोक्यावर पदर, पायात चप्पल नाही, चालून चालून पोटऱ्यांपर्यंत धूळ. ती ऑफिसात गेली नाही. सरळ आंब्याखाली उभ्या असलेल्या सरांसमोर आली.

“वेखंडे गुर्जी तुमीच ना?”

“हो. आपण?”

“मी सकू. वरच्या वाडीतली, जैतूची पोर. पोरांना इदवालाची गोष्ट तुमीच सांगितली ना?”

सरांचा चेहरा फुलला. वाडीवरून एक बाई पुस्तकाबद्दल बोलायला आली होती. “मीच,” ते म्हणाले. “आवडली तुम्हाला?”

“माझ्या बाला पोरं इदवाल म्हंतात,” सकुबाई म्हणाली. “बा रस्त्यानं चालला का मागून वरडतात. आडवं पडून दाखवतात. नाकावर दगूड ठेवतात आन ‘म्हाराज, म्हाराज’ करतात. आता मोठी मान्सं पन म्हनाया लागलीत.”

सरांना काही उलगडा होईना. तेव्हा तिनेच सांगितलं. वाडीच्या खालच्या ओढ्यावर पूर्वी एक बंधारा होता, आणि तिचा बाप जैतू त्याच्यावर चौकीदार होता. एका पावसाळ्यात बंधारा फुटला. माणूस मेलं नाही, पण खालच्या गावांची लावलेली भातं गाळात गेली आणि गुरं वाहून गेली. चौकशी झाली. पाणी चढल्यावर बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर काढल्या नाहीत, चौकीदार जागेवर नव्हता, दारू प्यायलेला असावा, असं ठरलं आणि जैतूचं काम गेलं. गोष्ट जुनी झाली होती. नव्या पोरांना तर ठाऊकही नव्हती, घरी जाऊन त्यांनी इदवालाची गोष्ट सांगेपर्यंत. ती ऐकली आणि कुणातरी म्हाताऱ्याने हसून म्हटलं, हा तर आपला जैतू.

“मी मुलांना समज देतो,” सर म्हणाले. “पण बाई, ती दंतकथा आहे. हजार वर्षांपूर्वीची. तुमच्या वडलांचा तिच्याशी काही संबंध नाही.”

“आता हाय,” ती म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

सरांनी वर्गाला समज दिली. त्याने झालं एवढंच, की ज्या मुलांना हे ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक झालं. नववीची मुलं म्हणू लागली, दहावीची म्हणू लागली. एका मुलाला सरांनी रागाच्या भरात छडी मारली, कधी नव्हे ती. त्याचा बाप शाळेत आला आणि मुख्याध्यापक सरांना म्हणाले, “वेखंडे, म्हणूनच म्हणत होतो, अभ्यासक्रमातलं शिकवा.”

एका रविवारी सर वाडीवर गेले. जैतू अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसला होता. वाळका, पांढऱ्या खुंटांचा, डोळ्यांत मिश्कील चमक असलेला म्हातारा. सरांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याने हाताने थांबवलं.

“ती गोस्ट तं मला कोनी सांगितलीच नाय, मास्तर. पोरं निस्ती नाकावर दगूड ठेवतात. तुमी वाचून दाखवा ना.”

सर नको नको म्हणाले. म्हातारा ऐकेना. शेवटी पुढचे काही रविवार सरांनी त्या अंगणात बसून आख्खं पुस्तक वाचलं. सकुबाई आत चुलीपाशी असायची, बाहेर यायची नाही, पण भांड्यांचा आवाज थांबलेला असायचा. खेकड्याचा प्रसंग आला तेव्हा सरांनी तो सपाट आवाजात, भरभर वाचून टाकला. जैतू मात्र हसला. मनापासून हसला. शेवटी नेरिस राजाकडून माफी घेऊन येते, बापाच्या गळ्यात पडते, लांबून घंटा वाजतात आणि पुस्तक संपतं, तेव्हा तो पुढे ऐकायला थांबल्यासारखा बसून राहिला.

“मंग?”

“संपलं,” सर म्हणाले.

“संपलं? बाप काय बोलला?”

“काही नाही. तो रडतो.”

“रडतो ते खरं. पन बोलत काय नाय?” जैतूने कामटी खाली ठेवली. “येवढी पोर पान्यात गेली. राजा बोलला, मासं बोललं, त्यो शेवाळाचा भूत बोलला. देस बुडल्यावर बाप एकदा पन नाय बोलला. त्याला कोनी इच्यारलाच नाय, का रं बाबा, कसा काय झाला? गोस्ट चांगली हाय, मास्तर. पन त्याला बोलाया पायजे व्हता.”

“मूळ पुस्तकात नाही,” सर म्हणाले.

“मंग तुमी घाला.”

“तसं करता येत नाही. मी अनुवादक आहे. पदरचं घालायचं नसतं.”

“कोन वरडेल तुमाला? ती लिवनारी बाई?”

“ती बाई केव्हाच वारली.”

जैतूने पुन्हा कामटी उचलली. आतून सकुबाईचा आवाज आला, “बा, ऱ्हाऊंदे. त्यांचा नियम हाय.”

सर तिरमिरीत डोंगर उतरले. पुस्तकाचं सगळ्यात नीट वाचन त्या म्हाताऱ्याने केलं होतं, आणि त्याची मागणी अशी होती की जी पुरी केली तर त्यांचा सगळा अभिमान मोडणार होता. आपण नावासाठी भांडलो नसतो तर पोरांनी म्हाताऱ्याला भोलाराम म्हटलं असतं, तेही काही बरं नव्हतं, असा हिशोब ते वाटभर करत राहिले. आणि एक गोष्ट त्यांना टोचत होती. जैतू त्या दिवशी बंधाऱ्यावर होता की नव्हता, प्यायला होता की नव्हता, हे आपणही त्याला विचारलं नाही. विचारायची वेळ आली होती आणि आपण नियम सांगून मोकळे झालो.

अखेर त्यांनी ते लिहिलं. इदवाल आपल्या तोंडाने सांगतो की दारू मी प्यायलो हे खरं, पण उघाडीचं लाकूड कुजलं होतं आणि ते मी राजाला आधीच सांगितलं होतं, मेजवानीच्या घाईत कुणी ऐकलं नाही. लिहायला जड गेलं, पण उतरलं ते सरांना बरं वाटलं. प्रकाशकाला पाठवलं. तो म्हणाला, दुसरी आवृत्ती निघायची नाही, पहिलीच गोदामात पडून आहे.

मग सरांनी पुढच्या आठवीला गोष्ट नव्याने, त्या भागासकट वाचून दाखवली. मुलं ऐकत होती. इदवाल बोलू लागला तशी ती चुळबुळ करू लागली. एक मुलगी उठून म्हणाली, “सर, हे पुस्तकात नाय. माझ्या भावानं सांगितली तवा असा नव्हता.”

“हे मी घातलं आहे.”

“का?”

सरांनी कारण सांगायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं की जैतूचं नाव घेतल्याशिवाय ते सांगता येणार नाही. त्यांनी पान उलटलं. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “खेकड्याचा वाचा ना, सर.”

ते कागद घेऊन एकदा ते वाडीवरही गेले. पण जैतू सकूच्या मावशीकडे उंबरमाळीला गेला होता, आणि सकुबाई दारात उभी राहून म्हणाली, “मी ऐकून काय करू? बाला सांगाया पायजे व्हता, त्यो नाय.” पुढच्या खेपेला सर जायच्या आत पावसाळा लागला आणि पावसाळ्यात म्हातारा तापाने गेला. सर दिवसकार्याला गेले. अंगणात बसलेली माणसं हळहळत होती, जैतूबद्दल चांगलंच बोलत होती, आणि मधूनच एखादा अगदी सहज, कसलाही वाईट हेतू नसताना त्याला इदवालबाबा म्हणत होता. सकुबाईने एकदा सरांकडे पाहिलं. नंतर पाहिलं नाही.

पुढे सरांची बदली शहापूरला, घराजवळच्या शाळेत झाली. नवं शतक लागून बरीच वर्षं गेली होती. सर निवृत्तीला आले होते. कुंदाला घोंगडी हवी होती म्हणून एका हिवाळ्यात दोघं म्हशाच्या जत्रेला गेली. बैलांच्या बाजारातून वाट काढत असताना एका तरुणाने सरांचे पाय धरले. जीनची पँट, गळ्यात मोबाइल.

“सर, मी हरेश. तुमचा विद्यार्थी. आता ठाण्याला कंपनीत हाय. सर, तुमचं पुस्तक मी अजून विसरलो नाय. मुलीला रोज झोपताना सांगतो. तसलं पुस्तक मराठीत दुसरं नाय, सर.”

हे वाक्य ऐकायला सर इतकी वर्षं थांबले होते. कुंदाने त्यांच्या दंडाला हात लावला.

“काय आवडलं तुला त्यातलं?” त्यांनी विचारलं.

“इदवाल,” हरेश लगेच म्हणाला आणि हसू लागला. “नाकावर खेकडा. माझी मुलगी सेम करून दाखवते. आन सर, तुमाला माहीत हाय का, आमच्या वरच्या वाडीत खरोखरचा एक इदवाल व्हता.”

“त्याचं नाव जैतू होतं,” सर म्हणाले.

“असेल, सर. आमी इदवालच म्हणायचो.”

“त्या बंधाऱ्याचं काय झालं होतं ते ठाऊक आहे तुला? फळ्या का काढल्या नव्हत्या ते?”

“पिऊन पडला व्हता ना?” हरेश म्हणाला. सरांचा चेहरा बघून तो गडबडला. “नव्हता काय?”

सरांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं त्यांच्याजवळ होतं ते त्यांनीच रचलेलं, कुजलेल्या लाकडाचं आणि न ऐकणाऱ्या राजाचं. खरं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “आणि तुलाही माहीत नाही. मुलीला सांगशील तेव्हा एवढं सांग, की त्याला कुणी विचारलं नाही.”

“हो, सर,” हरेश म्हणाला. मोठ्यांना म्हणतात तसा हो. मग चहा घेऊ या म्हणाला. सर नको म्हणाले. तो पुन्हा पाया पडला आणि गर्दीत गेला.

“इतकं चांगलं बोलला तो,” कुंदा म्हणाली. “तुम्ही त्याला धड बरं पण म्हणाला नाहीत.”

“काय म्हणू?” सर चिडून म्हणाले आणि चालू लागले. थोडं पुढे जाऊन थांबले, कारण घोंगड्यांची दुकानं मागे राहिली होती.