घरातली एकुलती एक पाठ

आमच्या घरात दुखणारी पाठ एकच होती, आणि तिचे मालक बाबा होते. खिडकीजवळची हातांची खुर्ची त्या पाठीची, शेकायची पिशवी त्या पाठीची, गरम पाण्याची पहिली बादलीही तिचीच. आई तिला तेल चोळायची, मी तिच्यामागे उशी सरकवायची, आणि घरी आलेलं माणूस टेकायच्या आधी तिची तब्येत विचारायचं. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "चाललंय." ते असं म्हणायचे की समोरच्याला स्वतःची धडधाकट पाठ घेऊन बसायची लाज वाटावी.

आमचं काम घरं रंगवायचं. बाबा मिस्त्री, भिंतीच्या खड्ड्यांत लांबी भरणं आणि काचकागदानं घासणं माझ्याकडे, आणि छत उंच्याकडे. उंच्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. शाळेत असतानाच त्याचं डोकं दाराच्या चौकटीला लागायला लागलं, तेव्हापासून सगळं जग त्याला उंच्याच म्हणतं.

छत हे या धंद्यातलं सगळ्यात नतद्रष्ट काम. भिंतीचा कंटाळा आला तर माणूस मधेच चहा पिऊन येतो. छताला ती सोय नाही. एकदा रोलर टेकवला की आधीच्या पट्ट्याचा काठ ओला आहे तोवर पुढचा पट्टा ओढावाच लागतो. थांबलात की काठ वाळला, आणि काठ वाळला की जोड दिसला. वरून आणखी रंग फासा, काही उपयोग नाही. खिडकीतून आडवा उजेड आला की तो जोड दात विचकतोच. म्हणून मान मागे टाकायची, कंबर उलटी मोडायची आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका दमात जायचं. उंच्या सोळाचा असताना बाबांची पाठ गेली. "पोरगं उंच आहे, त्याला शिडीसुद्धा लागायची नाही," असं हसत म्हणत बाबांनी त्याच्या हातात रोलर दिला, तो पुन्हा कधी मागितलाच नाही.

सव्विसाव्या वर्षी उंच्याला सकाळी पँट चढवता येईना. आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडायचे, मग भिंतीला धरून उभं राहायचं आणि अंग मोकळं होईपर्यंत तिथंच थांबायचं. रंगाच्या दुकानदारानं त्याला डबा उचलताना पाहिलं आणि काउंटरवर थाप मारून हसला. "काय आजोबा, काठी देऊ का?" उंच्याही हसला. माझा भाऊ तसाच आहे, त्याला चिमटा काढला तरी तो आधी हसून घेतो. शेवटी मीच त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी एक्सरे उजेडावर धरला. मग उंच्याकडे पाहिलं. मग पाकिटावरचं वय वाचलं, आणि पुन्हा उंच्याकडे पाहिलं.

"मणक्यांमधले सांधे झिजलेत. ऑस्टिओआर्थ्रायटिस. मानेतही आहे आणि कंबरेतही. एवढी झीज साधारण साठीच्या माणसात दिसते."

"मी सव्वीसचा आहे," उंच्या म्हणाला, जणू बाई चूक दुरुस्त करून देतील.

"हो ना," बाई म्हणाल्या.

झिजलेलं भरून येत नाही, पण रोज व्यायाम केला, एकाच जागी अवघडून बसलं नाही, तर नीट जगता येतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. मान वर करून, कंबर मागे वाकवून करायचं काम मात्र बंद. कशामुळे झालं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. त्यांना येत नसेल. मला येत होतं, पण माझं कोण ऐकतंय?

घरी आल्यावर उंच्यानं बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी खुर्चीतून हलायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

"साठीचं दुखणं? अरे, साठीचा मी आहे!"

आपली वस्तू कुणी उचलून नेताना पकडल्यावर माणूस जसा ओरडेल, तसे ते ओरडले. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, डॉक्टरांनी सांगितलंय." बाबा म्हणाले, डॉक्टर काय, माणूस आत आला की त्याला काहीतरी चिकटवून पाठवतात. आणि पिशवी आण, माझी कंबर भरून आली.

उंच्या एवढंच मागत होता, छतातून तेवढं सोडवा. भिंती करतो, दारं करतो, खिडक्या करतो, छताला बाहेरचा माणूस घेऊ. पण बाबांचं एकच तुणतुणं. "बाहेरचा माणूस चढला की लोक म्हणतील, मिस्त्रीचं घर संपलं. मी चढलो असतो रे, पण या पाठीनं?" आणि ते असे कण्हायचे की उंच्याच खाली बघायचा.

सकाळी तो जमिनीवर चटई टाकून बाईंनी सांगितलेले व्यायाम करायचा. बाबा मुद्दाम त्याला ओलांडून जायचे. "वाटेत कोण लोळतंय?" त्याच्या गोळ्यांना ते खाऊ म्हणायचे. एकदा चुलतकाका आले, त्यांनी सवयीनं विचारलं, "पाठ कशी आहे?" उंच्या बोलायला गेला तर बाबा म्हणाले, "तुला नाही विचारलं." काका खो खो हसले. त्या दिवशी जिन्यात बसून उंच्या मला म्हणाला, "ताई, पाय मोडला असता तर बरं झालं असतं गं. प्लास्टर तरी दिसलं असतं." मला बाबांच्या खुर्चीला काडी लावावीशी वाटली. खोटं कशाला बोलू?

मग नाचाच्या क्लासचं काम आलं. लांबलचक हॉल, एका भिंतीला नुसत्या खिडक्या. छताला लपायला जागाच नाही. उंच्या सकाळी गोळी घेऊन परांचीवर चढला. निम्मं छत त्यानं लोण्यासारखं नेलं. मग त्याचा हात थांबला. मी खालून ओरडले, "काठ वाळतोय!" तो म्हणाला, "मान खाली येत नाहीये, ताई." मी वर चढून त्याला धरून उतरवलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. हॉलच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत जोड.

क्लासच्या मालकीणबाई आल्या, वर त्या जोडाकडे बघत राहिल्या. बाबा त्यांना म्हणाले, "पोराला आळस नडतो, दुसरं काही नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तुम्हाला तर माहीतच आहे." मालकीणबाई हसल्या. उंच्या भिंतीला पाठ लावून उभा होता, त्याचे ओठ पांढरे पडले होते. माझं डोकं फिरलं.

"बाबा, तुमचा एक्सरे काढायचा," मी घरी आल्या आल्या म्हणाले.

"माझा फोटो बघून डॉक्टर चक्कर येऊन पडेल."

"पडू दे. चला."

खरं सांगते, त्यांनी इतक्या वर्षांत कधी एक्सरे काढलाच नव्हता. माझं दुखणं मला ठाऊक, असं म्हणायचे. पण आता ते हट्टाला पेटले. बाईंनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले की पोराची खोड मोडेल, असा त्यांचा हिशेब. जाताना नवा शर्ट घातला. आईला म्हणाले, तूही चल, ऐक एकदा मी काय सोसलंय ते.

बाईंनी दोन्ही फोटो शेजारी लावले. बाबांच्या फोटोवर बोट फिरवत म्हणाल्या, "वा! या वयाला इतका चांगला मणका क्वचित दिसतो. काय करता तुम्ही?"

बाबांनी कंबरेवर हात ठेवला.

"दुखतं हो मला," ते म्हणाले.

"दुखत असेल. कधी स्नायू आखडले असतील, तेव्हा दुखलंही असेल. पण बसून राहू नका. चाला, काम करा. तुम्हाला काहीही करायला हरकत नाही."

आईनं फक्त बाबांकडे पाहिलं. घरी पोचल्यावर तिनं शेकायची पिशवी भरली आणि उंच्याच्या पाठीखाली ठेवली. बाबा खुर्चीत बसायला गेले, थबकले आणि उभेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या हॉलचं छत पुन्हा करायचं होतं. कोण करणार, हे कुणीच विचारलं नाही. बाबांनी शर्ट काढून खिळ्याला अडकवला, रोलर घेतला आणि परांचीवर चढले. पहिला पट्टा, दुसरा, तिसरा. मान मागे, कंबर उलटी, हात एका लयीत. इतकं सुंदर काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते बघताना मला इतका संताप कधी आला नव्हता. ना थांबले, ना कण्हले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि टुणकन खाली उतरले. उजेड आडवा पडला होता, वर एक रेघ नव्हती. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

बाबा खुश झाले हो! छाती काढून म्हणाले, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, असा मणका क्वचित दिसतो." मग घाम पुसत उंच्याकडे वळले. तो स्टुलावर बसला होता, अवघडायला झालं म्हणून उठायच्या बेतात, एक हात भिंतीवर.

"बघितलंस? पाठ अशी असते. आणि इतकी वर्षं छत करत होतास, तर एकदा तरी मला विचारायचंस, बाबा तुम्हाला जमेल का म्हणून. चढलो असतो की."

माझ्या हातात लांबीचा पत्रा होता. मी तो फेकणारच होते. पण उंच्या हळूहळू उभा राहिला, आणि त्या माणसावर चिडायचंही त्याला सुचलं नाही.

"मी कसं विचारणार, बाबा?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तुम्हाला खरंच दुखतंय."