ती नांदेडला रडली तेव्हा

माझं उदगीरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची आणि मीटर लावून बघायचं. काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही... माझा सगळा धर्म एवढाच. गल्लीत कुणी दृष्ट काढायला लागलं की मी हसायचो. अशा अनुभवांच्या या ग्रुपवरही दोन वर्षं नुसता वाचत आलो, आणि खरं सांगतो, निम्म्या गोष्टी मला थापा वाटल्या. आज स्वतःची लिहितोय. तुम्हाला थाप वाटली तर मी रागावणार नाही.

जुळं आहे म्हणून माझी बायको सुनीता सातव्या महिन्यातच माहेरी, नायगावला गेली होती. जाऊन चार दिवस होतात न होतात तोच तिचं पाणी गेलं. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, मीही उदगीरहून धावत पोचलो, आणि तिसाव्या आठवड्यातच दोन्ही लेकरं बाहेर आली. आधी पोरगी — अकराशे ग्रॅम. मग पोरगा, तिच्यापेक्षा जरासाच भरीव. दोघंही रडले नाहीत. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जायच्या. बघवत नव्हतं.

"फुफ्फुसं तयार नाहीत अजून," डॉक्टर म्हणाले. "दोघांनाही व्हेंटिलेटर लागणार. आमच्याकडं एकच रिकामा होता, तो मुलीला लावलाय. शहरात सगळीकडं फोन केले, कुठं जागा नाही. लातूरला एक आहे. पोराला घेऊन लगेच निघा."

असं नऊ महिन्यांचं एकत्र राहणं सातव्यातच तुटलं, आणि जन्मानंतर दोन तासांत बहीण-भाऊ वेगळे झाले. पोरगी नांदेडला, सुनीता आणि सासूबाईंजवळ. पोरगा लातूरला, माझ्याजवळ. मधे गाडीनं तीन तासांचं अंतर.

एनआयसीयूत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. हात कोपरापर्यंत धुवायचे, गाऊन घालायचा, आणि काचेच्या पेटीतल्या तळहाताएवढ्या जिवाकडं बघत बसायचं. आठव्या दिवशी दोघांच्याही घशातली नळी निघाली, नाकाला बारीक नळ्या लागल्या. पण पोराचा श्वास मधेच थांबायचा. मॉनिटर ओरडायचा, लातूरच्या केंद्रे सिस्टर धावत यायच्या, तळपायावर टिचकी मारायच्या, की पुन्हा चालू. त्या टिचकीच्या आधीचे सेकंद... जाऊ द्या.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला असंच झालं. या वेळी टिचकीनं भागलं नाही, पाठ चोळावी लागली. बाहेर येऊन मोबाईल बघितला तर सुनीताचे दोन मिस्ड कॉल.

"अवो, आपली पोरगी आज पहिल्यांदा रडली," ती म्हणाली. "पण लई येगळं रडली. अंग ताठ करून, लालबुंद झाली. मग एकदमच गप. आत्ताच, अकरा वाजता."

मी तिला पोराचं काही सांगितलं नाही. ओली बाळंतीण, तिला कशाला घोर लावायचा?

दोन दिवसांनी दुपारी पुन्हा तेच. त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्या वेळी मात्र सुनीतानंच विचारलं, "खरं सांगा, आत्ता त्याला काही झालं होतं का?" मला खोटं बोलता आलं नाही. मी हाव म्हणालो.

लातूरच्या डॉक्टरांना विचारलं. ते भले माणूस, हसले नाहीत. "इतक्या लहान बाळांचा श्वास दिवसातून कितीदा तरी अडतो. तिकडची बाळंही रडणारच. कधी ना कधी वेळ जुळते," म्हणाले. मला पटलं. माझ्या मनातही तेच होतं.

पण नांदेडच्या परवीन सिस्टरना पटलं नव्हतं. वीस वर्षं बाळांमधे काढलेली बाई. त्यांनी सुनीताला सांगून ठेवलं, "भाभी, हिचं भुकेचं रडणं मला कळतं, दुखायचं कळतं. हे तिसरं काहीतरी हाय. पुन्हा रडली तर मला आवाज दे."

पुढं पोरानं चांगली उचल खाल्ली. ऑक्सिजन सुटला. सलग आठ दिवस श्वास थांबला नाही, म्हणून मॉनिटरची वायरसुद्धा काढली. मग कांगारू केअर सुरू झालं. म्हणजे बाळाला माणसाच्या उघड्या छातीवर ठेवून वरून कापड बांधतात. आई नांदेडला, म्हणून इथं माझी छाती.

तिसऱ्या दिवसाची दुपार. मी खुर्चीत रेललो होतो, पोर छातीवर, डोक्यावर लोकरीची टोपी. त्याची चुळबुळ थांबली तसं मला वाटलं, झोपलं. किती शांत झोपलंय, म्हणून मी तर खूश होतो.

तेवढ्यात युनिटचा फोन वाजला. केंद्रे सिस्टरनी उचलला. दोन शब्द ऐकले असतील नसतील, रिसीव्हर टेबलावर टाकून त्या माझ्याकडं धावल्या.

"बाळाचे पप्पा, बाळ दाखवा!"

"झोपलंय सिस्टर."

"दाखवा म्हणते ना!"

त्यांनी कापड सोडलं. पोराची मान पुढं दुमडली होती. तोंड राखेसारखं, ओठ निळे. हात खाली लोंबला. माझ्या छातीवर, माझ्या हातांच्या आत माझं लेकरू श्वास सोडून बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

टेबलावर घेतलं, मान सरळ केली, तोंडावर मास्क, फुगा दाबायला सुरुवात. डॉक्टर आले. मी शर्टाची बटणं उघडी टाकून भिंतीला टेकलो होतो. एक, दोन, एक, दोन... सिस्टर मोजत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एक उचकी आली, आणि पोरानं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या पेटीतलं बाळ दचकलं!

सगळे हसले. मी रडलो.

तेव्हा टेबलावरच्या रिसीव्हरमधून बारीक आवाज येत असलेला ऐकू आला. मी उचलला. पलीकडं परवीन सिस्टर.

"हॅलो? कोण? बाळाचे पप्पा? कसं हाय लेकरू?"

"रडून राहिलंय सिस्टर," मला एवढंच बोलता आलं.

"या अल्लाह! इकडची आत्ता गप झाली. आत्ता, तुम्ही फोन घ्यायच्या आधी. झोपली बी."

पोरगी तसंच ताठ होऊन रडायला लागली होती. सुनीतानं हाक मारली, माझा मोबाईल लॉकरमधे, म्हणून परवीन सिस्टरनी थेट लातूरच्या युनिटला फोन लावला होता. त्या एवढंच बोलल्या होत्या, "त्या जुळ्यातल्या पोराकडं आधी बघा, मग बोला."

त्या दुपारपासून पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पोराला नांदेडला पाठवलं. दोघांना एकदम सुनीताच्या छातीवर ठेवलं, एक डावीकडं, एक उजवीकडं. त्यानंतर पोराचा श्वास एकदाही थांबला नाही. पोरगी तसं एकदाही रडली नाही. दीड महिन्यानं उदगीरला आणलं तेव्हा गल्लीतल्या पोरांनी हलगी लावली, आणि सुनीता दोन कडेवर दोन लेकरं घेऊन, मान ताठ करून घरात शिरली. आज राधा आणि माधव चार वर्षांचे आहेत. माधव दिवसभर धावतो, दम म्हणून लागत नाही. दोघं भांडायला लागले की दुकानातल्या गिऱ्हाइकाला मोटारीचा आवाज ऐकू येत नाही!

तीन तासांच्या अंतरावरून चिमुकल्या पोरीला काय कळलं, कसं कळलं — मी खूप डोकं चालवलं. मधे तार नाही, जोड नाही. मला काही सापडलं नाही. तुमच्यात कुणी डॉक्टर असतील तर सांगा, मी ऐकेन.

लातूरची फाइल अजून माझ्या कपाटात आहे. त्या दुपारच्या पानावर, श्वास थांबल्याचं कुणी कळवलं, तिथं केंद्रे सिस्टरनी इंग्रजीत एकच शब्द लिहिलाय — सिस्टर. दुसऱ्या दिवशी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी ते वाचून विचारलं होतं, "कोणती सिस्टर? ड्यूटीवर कोण होतं?"

"ड्यूटीवरची नाही सर," केंद्रे सिस्टर म्हणाल्या. "त्याची."

डॉक्टरांनी पेन काढलं. खोडलं मात्र नाही. खाली सही केली आणि पुढच्या पेटीकडं वळले.