क्लिक असा आवाज येईपर्यंत

लेखकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. इमारतीतल्या लोकांनीच ते ठेवलं होतं, कारण हा माणूस दिवसभर घरात असतो, मनात येईल तेव्हा दाढी करतो आणि काय करता म्हणून विचारलं तर ‘लिहितो’ एवढंच सांगतो. लोकांना वाटे, मोठी कादंबरी चालू असणार. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तर एकदा त्यांना जिन्यात गाठून आपली अख्खी कर्मकहाणी ऐकवली, कुठेतरी उपयोगी पडेल म्हणून. लेखकरावांनी ती निमूटपणे ऐकून घेतली. मिक्सर, इस्त्री नाहीतर व्हॅक्यूम क्लीनरच्या खोक्यात तळाशी जी पातळशी पुस्तिका असते, ती आपण लिहितो, हे त्यांना सांगायचं लेखकरावांच्या जिवावर आलं.

त्यांचं ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. कंपन्या यंत्राचा नमुना घरी पाठवायच्या. लेखकराव आधी कच्चा मजकूर लिहायचे, मग तो आणि यंत्र कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि माणूस कुठे अडतो, कुठे चुकतो ते अवाक्षर न काढता बघत बसायचे. पूर्वी हे काम बायकोकडे होतं. पण ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारी. बारीक अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मगच ती बटणाला हात लावायची. असं माणूस चुकणार कधी, आणि लेखकरावांना काही कळणार कसं?

मग मुलं मोठी झाली आणि लेखकरावांना घबाड मिळालं. थोरली सतरा वर्षांची, धाकटा चौदाचा. एरवी दोघांचं विळ्याभोपळ्याएवढं सख्य, पण कुणाचंही काही ऐकायचं नाही यावर बहीण-भावाचं एकमत. धाकट्यानं झाकण न लावताच ज्यूसर सुरू केला त्या दिवशी बायको छताकडे बघत मटकन खुर्चीत बसली. लेखकराव मात्र चष्म्यावरचा गर पुसून लगेच कामाला लागले आणि झाकणाचं वाक्य त्यांनी आतल्या पानावरून उचलून थेट पहिल्या पानावर आणलं.

यात त्यांचा आणखी एक फायदा होता, तो त्यांनी कुणाला बोलून दाखवला नव्हता. अलीकडे घरातलं बोलणं आटत चाललं होतं. थोरली कानात गाण्याची बोंडं घालून हिंडायची, धाकट्याचा आवाज फुटत होता म्हणून तो तोंडच उघडत नसे. ‘हो’, ‘नको’ आणि ‘नंतर’ एवढ्यावर त्या दोघांचं भागत होतं. पण दारात खोकं येऊन पडलं की दोन्ही खोल्यांची दारं उघडायची. तेवढाच वेळ मुलं टेबलाशी यायची, आणि लेखकराव तेवढ्यावर खूश असायचे.

त्या आठवड्यात आलं ते घरच्या घरी केस कापायचं मशीन. सोबत छोटेमोठे कंगवे. जेवढा मोठा कंगवा लावाल तेवढे केस लांब राहणार. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांबरोबर व्हिडिओवर बैठक होती, त्यामुळे मजकूर आजच पारखायला हवा होता. आता डोकं आणायचं कुठून? धाकटा दोन्ही हातांनी आपले केस धरून खोलीत गेला आणि आतून कडी लावली. बायको म्हणाली, गिऱ्हाइकांच्या नाकाला नाक लावून आपल्याला काम करायचं असतं, आपलं डोकं या भानगडीत नको. राहिलं लेखकरावांचं स्वतःचं. कापायला थोरली तयार झाली. इतक्या पटकन तयार झाली की त्यांना तेव्हाच शंका यायला हवी होती.

बायको दुकानात गेल्यावर बाल्कनीत खुर्ची मांडली. लेखकराव गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळून बसले. थोरलीनं मजकूर चक्क पूर्ण वाचला. ते बघून बापाला भरून आलं. मग तिनं कानात बोंडं घातली, मजकुरात लिहिल्याप्रमाणे मधला कंगवा निवडला, मशीनवर दाबला, बटण सरकवलं आणि कपाळापासून टाळूपर्यंत मशीन झोकात फिरवलं.

कंगवा लेखकरावांच्या मांडीवर पडला. पाठोपाठ केसांचा एक मोठा झुपका.

थोरलीनं मशीन बंद केलं. लेखकरावांनी हात वर नेऊन चाचपलं. डोक्याच्या मधोमध, झाडीतून नवा रस्ता काढावा तसा खरखरीत पट्टा गेला होता. एवढ्यात काय झालं म्हणून धाकटा बाहेर आला, त्यानं बघितलं आणि तो हसत सुटला. अर्धं हसू जाड, अर्धं किनरं. आपल्या आवाजाची लाज विसरून तो दाराला धरून हसत होता.

लेखकराव सहसा चिडत नसत, पण आता चिडले. कंगवा क्लिक असा आवाज येईपर्यंत दाबायचा, हे स्पष्ट लिहिलं होतं. ते वाचूनही कानात गाणी लावून बसायचं म्हणजे काय, असं त्यांनी बरंच ऐकवलं. थोरलीनं एक बोंड काढून ते ऐकून घेतलं. ती घाबरली होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण माघार घेणाऱ्यातली ती नव्हती.

“मी दाबला होता, बाबा. बसलाय असं वाटलं मला.”

“आवाज आला का पण?”

“नाही आला. आणि उद्या आजोबांनी हे मशीन घेतलं तर? त्यांना दाराची बेलसुद्धा ऐकू येत नाही. त्यांनी काय करायचं?”

आजोबा म्हणजे लेखकरावांचे सासरे. फोनवर त्यांच्याशी बोलायचं तर घसा बसतो. आजवर लिहिलेल्या कितीतरी पुस्तिकांमधून ‘क्लिक असा आवाज येईपर्यंत’ हे शब्द त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. ते वाक्य इतकं सवयीचं झालं होतं की हात आपोआप लिहायचा. आपण ते सगळं कान शाबूत असलेल्यांसाठीच लिहीत आलो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

ते चादरीसकट उठले आणि टेबलाशी जाऊन बसले. कंगवा लावून बघितला, काढून बघितला. नीट बसला की मशीन आणि कंगवा यांच्यात फट राहत नव्हती. त्यांनी लिहिलं, ‘दोन्हींमध्ये फट दिसत नाही ना, याची खात्री करून घ्यावी.’ थोरली खांद्यावरून वाचत होती. खात्री करून घ्यावी असं कोणी बोलतं का, असं तिनं विचारलं. ‘फट दिसली तर कंगवा बसलेला नाही. पुन्हा दाबा.’ हे तिचं वाक्य. धाकटा म्हणाला, वाचतंय कोण, चित्र द्या. त्यानं स्वतःच वहीचा कागद फाडून दोन चित्रं काढली, एक बरोबर आणि एक चूक. चुकीच्या चित्रात बाबांचं डोकंही काढलं, पट्ट्यासकट. शब्दाशब्दावरून तिघं भांडली. कुणी कुणाला खोलीत जा म्हटलं नाही, आणि कुणी गेलंही नाही.

संध्याकाळी बायको आली तेव्हा तिघं टेबलावर वाकलेली होती आणि चादर अजून नवऱ्याच्या गळ्यातच होती. तिनं पर्स खाली ठेवली, त्या पट्ट्याकडे धंदेवाईक नजरेनं नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, “हे असंच ठेवायचं आहे?”

लेखकराव म्हणाले, उद्याची बैठक होईपर्यंत असंच.

बैठकीत कंपनीचा इंजिनिअर ऐकेना. क्लिकचा आवाज चांगला मोठा आहे, आमच्या चाचणीत सगळ्यांना ऐकू आला, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. लेखकरावांनी वाद घातला नाही. त्यांनी टोपी काढली आणि कॅमेऱ्यापुढे डोकं वाकवलं. पलीकडे कुणीतरी पाणी पीत असावं, कारण ठसका ऐकू आला. मग इंजिनिअर म्हणाला की वाक्य बदलू, पण चित्रांना जागा नाही. त्यावर कंपनीच्या बाई म्हणाल्या, ‘अभिनंदन, आपण अत्यंत योग्य निवड केली आहे’ हे पहिलं पान काढून टाका, तसंही ते कुणी वाचत नाही. त्या पानावर लेखकरावांचा पहिल्यापासून राग होता. त्यांनी चेहरा गंभीर ठेवून मान हलवली.

बैठक संपताच धाकट्यानं त्यांना बाल्कनीत नेलं, सगळ्यात छोटा कंगवा लावला, फट नाही ना ते बघितलं आणि सगळं डोकं एकसारखं करून टाकलं. आरशात लेखकरावांना आपले कान भलतेच मोठे दिसले.

पुढच्या आठवड्यात दारं पुन्हा लागलेली होती. बोंडं कानात होती. लेखकरावांनी मनाला लावून घेतलं नाही. एका दुपारी ते भाजी घेऊन परत येत असताना फोन वाजला. थोरलीनं कॉलेजातून एक फोटो पाठवला होता. ग्रंथालयाच्या दारावर पाटी होती, ‘आत येणाऱ्यांनी दार ढकलू नये’. खाली तिनं लिहिलं होतं, “मग काय करावं? अर्धा वर्ग बाहेर उभा आहे.”

लेखकराव रस्त्याच्या कडेला थांबले. पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवली आणि उत्तर लिहायला घेतलं. चांगलं लांबलचक झालं ते. मग सगळं खोडून त्यांनी एकच शब्द पाठवला, “ओढा.”