रेडकाच्या पोटातली सुई

माझी लांब सुई हरवली आहे हे शनिवारी सकाळी कळलं, आणि ती कुठे असणार हेही लगेच कळलं.

मी फेल्टचे प्राणी शिवते. नोकरी भोरच्या एका कचेरीत, आवक-जावक टपाल बघायची. प्राणी हा नुसता नाद. नवरा म्हणतो, माणसांशी भांडतेस आणि प्राण्यांशी गोड बोलतेस. खोटं नाही. फेल्ट म्हणजे जाड, लोकरीसारखं कापड. त्याचे दोन तुकडे कडेनं शिवायचे, आत कापूस ठासायचा आणि शेवटी पाय, कान, शेपूट जोडायचं. पाय जोडायला बोटापेक्षा लांब सुई लागते, कारण ती एका मांडीतून शिरून दुसऱ्या मांडीतून निघाली पाहिजे. तशी सुई माझ्याकडे एकच होती.

त्या सकाळी हत्तीचे पाय जोडायला बसले, तर डब्यात ती नव्हती. डबा उपडा केला, चटई झटकली. मग आठवलं. ती शेवटची वापरली होती रेडकाला. काळं, दोन ओंजळींएवढं रेडकू, माझ्या भाचीसाठी. त्याचा चौथा पाय लावून दोरा कापला आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. उठताना हातातली सुई मी रेडकाच्याच पोटात खोचली. आम्हा फेल्टवाल्यांची ही वाईट खोड: प्राणी हातात असतो, मऊ असतो, म्हणून सुई त्यालाच टोचून ठेवायची. परत आले ती दुसरी सुई घेतली आणि शेपूट लावलं. लांब सुई तोवर दाबादाबीत आत गेली असणार. ठासलेल्या कापसात ती बाहेरून दिसत नाही.

रेडकू देऊन आठ दिवस झाले होते. भाची सहा महिन्यांची. हाताला लागेल ते तोंडात घालायचं तिचं वय.

भावजयीला फोन लावला. ती गुंजवण्यात राहते. तिथे घरात रेंज नसते, अंगणाच्या कोपऱ्यात असते, आणि तीही मर्जी असेल तर. भावाला लावला. तो पहिल्या पाळीला, आणि त्याच्या कंपनीत मोबाईल गेटवरच जमा करतात. गॅस बंद केला आणि होते त्या साडीवर एसटी स्टँड गाठलं.

खरं सांगायचं तर वाटेत मला दोन भीती होत्या, आणि दुसरीची मला आजही लाज वाटते. पहिली, पोरीची. दुसरी, भावजयीला काय तोंड दाखवू याची. आठ दिवसांपूर्वी भाचीच्या उष्टावणाला गेले होते तेव्हा मी तिला भरपूर शहाणपण शिकवलं होतं. बाजारची खेळणी देत जाऊ नकोस, त्यांचे डोळे निघतात, पोरं गिळतात. माझं रेडकू बघ, डोळेसुद्धा दोऱ्यानं भरलेत. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पोरीखाली तिनं शिवलेली गोधडी होती, ती मी उचलून सगळ्या बायकांसमोर म्हटलं, "अगं, टाके आहेत की बांध घातलेत? बाळाचं बोट अडकायचं यात." बायका हसल्या. भावजय गोधडीची घडी घालून आत गेली. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हे असं.

चेलाडी फाट्यावर उतरले. वेल्ह्याची गाडी येईना. तेवढ्या वेळात मी अकरा वेळा फोन लावला. गाडी आली ती राजगडला निघालेल्या पोरापोरींनी भरलेली. पाठीवरच्या पिशव्या माझ्या तोंडावर आदळत होत्या, आणि एरवी मी गाडी डोक्यावर घेतली असती, पण त्या दिवशी गप्प उभी राहिले. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं. पोरीला दात यायचे आहेत, हिरड्या शिवशिवतात, ती रेडकाचं पोट कचाकचा चावते.

मार्गासनीला जीप भरल्याशिवाय हलेना. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चला हो, घरी लहान बाळ आजारी आहे." त्यानं मुकाट्यानं गाडी काढली. आणि मी जीभ चावली. बाळ आजारी आहे, हे मी स्वतःच्या तोंडानं का म्हणाले? शुभ बोल नाऱ्या! साखर गाव येईपर्यंत मी मनातल्या मनात ते वाक्य परत घेत होते.

दिवाळी होऊन गेली होती, भात निघालं होतं. घरासमोर पोहोचले तर भावजय अंगणात भात वाळत घालत होती. पडवीत साडीची झोळी बांधलेली. झोळीतून एक काळा पाय बाहेर आलेला आणि आतून चोखल्याचा आवाज.

"वन्सं? आज कशा काय?" ती उठली. तिच्या गालावर एक लांब ओरखडा होता, खपली धरलेला. काटा लागला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

"सहज," मी म्हटलं. इतक्या धापा टाकत कोण सहज येतं? "रेडकाचा कान जरा सैल राहिलाय असं वाटलं मला. नीट करून देते."

"कान बरा हाय की."

मी झोळीत हात घातला आणि पोरीच्या तोंडातून रेडकू ओढून काढलं. तिनं जो टाहो फोडला तो शेजारपाजारी गेला असेल. तिच्या ओठांवर, जिभेवर रक्त नव्हतं. मग मी रेडकू दाबायला लागले. मान, पाठ, मांड्या. काहीच लागेना. उलटं केलं आणि हात थांबले.

पोटावर बोटभर लांब ओळीत टाके होते. पांढऱ्या जाड दोऱ्याचे, एकेक भाताच्या दाण्याएवढा. माझे नव्हते.

"हे कुणी उसवलं?"

भावजय पोरीला कडेवर घेऊन थोपटत होती. "म्या," ती म्हणाली. "आदी ल्येकरू झोपवते, मंग सांगते."

पोर शांत झाली. भावजय आत गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरात खोचलेली माझी लांब सुई घेऊन आली.

"तुमी गेला त्याच रातीला गावली," ती म्हणाली. "आमच्यात गोधडी शिवली की पोराखाली घालायच्या आदी समदी गालावरनं फिरवत्यात. हाताला इळ्याचं घट्टं पडल्यालं, हाताला न्हाई कळत. गालाला कळतं. रेडकूबी फिरीवलं."

मी तिच्या गालाकडे बघितलं. तो ओरखडा आता मला नीट दिसला. डोळ्याच्या खाली दोन बोटांवर सुरू होऊन जबड्यापर्यंत आलेला.

"मला कळवायचं नाहीस? कोपऱ्यात जाऊन एक फोन..."

"कळवून काय करायचं व्हतं? तुमच्या मनाला लागलं असतं. परत शिवलं नसतं तुमी." मग ती म्हणाली, "आन् पोरगी लई खेळती त्याच्याशी."

मी तिच्या जागी असते तर? सगळ्या बायका गोळा केल्या असत्या, त्याच बायका, आणि सुई हातात धरून दाखवली असती. हे मला माहीत आहे, कारण मी स्वतःला ओळखते. मला रडू आलं. "चुकले मी," मी म्हटलं. "त्या दिवशी गोधडीवरनं बोलले, तेही चुकलं."

"टाकं मोठंच हायेत माजं," ती म्हणाली.

मी सुईसाठी हात पुढे केला. तिनं आपला हात मागे घेतला.

"हातात न्हाई द्येत, वन्सं. सुई हातात दिली की भांडान व्हतं दोघींत."

तिनं वाकून सुई माझ्या पायांपाशी, शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवली आणि पदरानं गाल पुसत चहा टाकायला आत गेली. मी खाली बसून ती उचलली.